कणभर आयोडीन

मुळशी धरणातलं पाणी घाट उतरतं, त्याची वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते, हे वाल्मीक ओव्हाळला चौथीतच पाठ होतं. गुरुजी अभिमानानं सांगत, कंदिलाची काच पुसता पुसता. धरणाकाठच्या त्याच्या गावात अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तरी विजेचा खांब आला नव्हता. वाल्मीक तोवर पुण्यात पदार्थविज्ञानात पीएच.डी. करू लागला होता, आणि विषय त्यानं घरच्या रागातूनच निवडला होता: एक बाजू तापवली, दुसरी थंड ठेवली की वीज देणारे पदार्थ. खांब नको, तारा नकोत. आई गोजराबाई भाकरी भाजील तेवढ्या जाळावर रेडिओ वाजला पाहिजे.

पदार्थ होता शिसं आणि टेल्युरियमचा. नुसता शुद्ध असला तर फारसा कामाचा नाही. त्यात कणभर आयोडीन, म्हणजे शास्त्राच्या भाषेत अशुद्धी, मिसळावी लागते. अशुद्धीवाचून काही चालत नाही, हे बौद्धवाड्यातल्या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं याची त्याला गंमत वाटे. प्रयोगशाळेत ती सांगावी असं माणूस नव्हतं.

पण प्रमाण मोठं हट्टी. आयोडीन कमी पडलं तर विजेचा दाब भरपूर मिळतो, प्रवाह मात्र मुंगीच्या पावलानं. जास्त झालं तर प्रवाह मोकळा, पण दाबच बसतो, आणि वर उष्णताही विजेचा हात धरून थंड बाजूला पळते. मधली जागा सुईच्या टोकाएवढी. ती सापडेपर्यंत वाल्मीकच्या बरोबरीचे लोक नोकरीला लागून, लग्नं करून, अंगानं सुटलेही होते.

सापडली तेव्हा त्यानं घरच्या चुलीच्या भिंतीत तो संच बसवला. तापणारं तोंड जाळाकडे, थंड राहायच्या धातूच्या पट्ट्या बाहेर हवेवर, शेजारी विजेचा दाब दाखवणारं काट्याचं मीटर. संध्याकाळी रेडिओ बोलला. बाजारभाव सांगत होता. वडील गेणबा म्हणाले, "आता चूलच सांगाया लागली, कांदा घेऊ नगं म्हनून!"

वाल्मीक पुण्याला परतला आणि आठवड्याच्या आत गेणबा एसटीनं संच घेऊन हजर. "तू गेलास अन् दुसऱ्याच दिशी मुका झाला. तुजा तो काटाबी उठत न्हाई."

संच फडक्यात बांधलेला, लखलखीत. प्रयोगशाळेच्या बर्नरवर धरला, तर काटा जिथं हवा तिथं. परत पाठवला, घरी मुका. पुन्हा आला, पुण्यात ठणठणीत.

मार्गदर्शक देवस्थळी सर म्हणाले, "ओव्हाळ, तुमचा पदार्थ पुण्यात चालतो, मुळशीत चालत नाही. हवापालट मानवत नसेल." मग चष्मा काढून म्हणाले, "मार्चनंतर भट्टी दुसऱ्याला द्यायची आहे. तोवर दाखवा. नाहीतर विषय बदला."

वाल्मीकनं तर्क लावला. काटा उठत नाही म्हणजे दाब बसला. दाब बसला म्हणजे आयोडीन जास्त. चुलीच्या जाळात ते आतल्या आत सरकत असणार. तर्कात कुठं फट नव्हती. टेल्युरियमची डबी तळाला गेलेली, म्हणून त्यानं संचातले ते चांगले तुकडेच वितळवले, आयोडीन पातळ केलं, नवे ओतले आणि मार्चअखेरीस स्वतः घेऊन गेला. पोचला तेव्हा चूल विझली होती. संच बसवून ठेवला.

सकाळी ओढ्यावरून तोंड धुऊन आला, तर गोजराबाई शेणमातीचा गोळा घेऊन चुलीपुढं बसलेली. चूल सारवून झाली होती. आता ती त्या पट्ट्यांमधल्या फटी एकेक करून लिंपत होती, वर पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत करत.

"आये! काय करतीस?"

"पोतेरं. रोजच करती की."

"ह्याच्यावर? रोज?"

"मग? चार बाया रेडू बगाया येत्यात. उगडं लोखंड बरं दिसतं व्हय चुलीला?"

"अन् आबा पुण्याला आणायचे तवा?"

"तवा चिंच लावून घासायची. कालिजात तसलं बरबटल्यालं धाडू? लोक काय म्हनतील, वाल्मीकची आई गबाळी हाय म्हनून?"

म्हणजे थंड राहायची बाजू शेणमातीच्या गोधडीत घाम गाळत होती. आयोडीन बिचारं निर्दोष होतं.

वाल्मीकनं खिळ्यानं फटी उकरल्या, ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या, जाळ केला. काटा उठला, आजवर उठला नव्हता इतका उठला. त्यानं घाईघाईनं रेडिओ जोडला. रेडिओ एकदा खर्र वाजला आणि गप्प बसला.

दाब भरपूर, प्रवाह मुंगीच्या पावलानं. यातलं आयोडीन कमी पडलंय हे सांगायला कुणी लागत नव्हतं. ते त्यानंच कमी केलं होतं. बरोबर प्रमाणाचे तुकडे त्यानंच वितळवले होते. भट्टी उद्यापासून दुसऱ्याची.

गोजराबाई वाकून रेडिओकडे बघत होती. "आता तर पुसलंय की. मग का बोलंना?"

वाल्मीक रेडिओच्या तारा सोडवू लागला. मग जाळ झालाच आहे तर फुकट कशाला, म्हणून तिनं तवा ठेवला.