उलाळ टांगा

अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या टांगा स्टँडवर मी एकदा घोडा उचलला आहे. हातांनी नव्हे, बसण्याने. कॉलेजात होते तेव्हा. दोन मैत्रिणी आधीच मागच्या सीटवर बसलेल्या, टांगेवाला खाली उभा. मी तिसरी चढले आणि टांगा उलाळ झाला. म्हणजे मागे कलला, पुढच्या दांड्या वर गेल्या आणि घोड्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. अख्खा स्टँड हसला. कोणीतरी म्हणालं, "अरे, हिने तर घोडाच टांगला." मी पहिल्यापासूनच अंगाने दणकट. ते वाक्य माझ्याआधी आमच्या गल्लीत पोचलं.

त्यानंतर मी टांग्यात बसणं सोडलं. कोणी विचारलं तर सांगायचे, मुक्या जनावराला कशाला त्रास द्यायचा? लोकांना हे फार आवडलं. काकू तर आपल्या मुलांना माझं उदाहरण द्यायची. खरं म्हणजे घोड्याचं मला काही पडलेलं नव्हतं, मला लाज वाटत होती. पण फुकट मिळालेला चांगुलपणा कोण परत करतं?

पुढे लग्न होऊन मी बदलापूरला मांजर्लीत राहायला गेले. एका महाशिवरात्रीला माहेरी आले तर आई नवं लुगडं नेसून, बेलाची पिशवी घेऊन दारातच बसलेली. गुडघ्यांपायी दोन वर्षं तिचं शिवमंदिराच्या जत्रेला जाणं झालं नव्हतं. भावाची फॅक्टरीत पहिली पाळी होती, म्हणजे मीच नेणार हे तिने गृहीत धरलं होतं. रिक्षावाले त्या गर्दीत यायला तयार होईनात. राहिला टांगा.

टांगेवाला म्हातारा होता. जत्रेसाठी त्याने आपल्या तांबड्या घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली होती, कपाळावर तुरा बांधला होता. मागच्या सीटवर उल्हासनगरच्या दोन सिंधी जावा, दोघींच्या मांडीवर एकेक मूल, आणि कडेला आई. पुढची जागा तेवढी रिकामी. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते. आईने लगेच उतरायला पाय खाली सोडला. "तू नाहीस तर मीपण नाही," ती म्हणाली. तिच्या हातातली बेलाची पिशवी बघून मला माझाच राग आला.

टांगेवाल्याने मला खालीवर पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने मला घोड्याजवळ बोलावलं आणि पोटाखालच्या पट्ट्यात बोटं घालायला सांगितलं. बोट शिरेना. मागच्या भाराने दांड्या वर ओढल्या जाऊन पट्टा पोटात रुतला होता, तिथले केसही झडले होते. इतक्या जवळून मी घोडा कधी पाहिलाच नव्हता. उन्हाने तापलेलं अंग, घामाचा आणि गवताचा वास, माझ्या हाताखाली एकदम थरथरलेली कातडी. घोड्याने मान वळवून माझा खांदा हुंगला. गरम श्वास गळ्याशी आला आणि मी हसले. मी आईकडून बेलाची चार पानं मागून घेतली. ओठांनी तळहात चाचपत त्याने ती अलगद उचलली. महादेवाच्या आधी याचा नैवेद्य झाला, म्हणून आई मागून कुरकुरली. मला मात्र हात काढून घ्यावासा वाटेना.

"बाई, वजनाचं त्याला काय नाय," टांगेवाला म्हणाला. "तोल पायजे. मागं सगळं भरलंय, गाडी उलाळ हाय. पुढं तुमच्यासारखं माणूस बसलं तर तो दुवा देईल."

मी दांडी धरून चढले. डोळे मिटूनच बसले. टांगा हलला, दांड्या हळूच खाली आल्या आणि थांबल्या. कोणी हसलं नाही. टांगेवाल्याने पट्ट्याखाली चार बोटं घालून मला सुळसुळ हलवून दाखवली. घोड्याने फुर्रकन नाक साफ केलं. मला रडू आलं, हेही सांगून टाकते.

वाटेत मी मागे वळून आईला म्हटलं, "मला घोड्याची दया वगैरे काही येत नव्हती गं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "म्हणूनच उतरत होते."

देवळाच्या अलीकडे टांगा थांबला. सवयीने मी आधी उतरायला निघाले, तर टांगेवाल्याने हात आडवा केला. "तुम्ही शेवटी. तुम्ही उतरलात की तो वर."

दोघी जावा उतरल्या, मुलं उतरली, आई एकेक गुडघा सावरत उतरली. भोवती निम्मं अंबरनाथ लोटलं होतं, गल्लीतलीही दोन-चार माणसं दिसली. त्या सगळ्यांसमोर मी अंग चोरलं नाही. आईचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत होती तेवढी सगळी बसून राहिले.