अंड्याच्या फुल्या आणि भोपळ्याच्या फुल्या

“पोटुशीला अंडं? सुनेच्या पोटात आग पेटवायची हाय काय तुमाला?”

रखमाबाईंनी ताटली माझ्या हातात परत दिली. उकडलेलं अंडं ताटलीत गोल फिरलं आणि काठाला टेकून थांबलं. खाटेवर त्यांची सून सुंदरा बसली होती. सातवा महिना. तिने ताटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवेलागण झाली होती आणि त्या वेळी तिला ताटली दिसत नव्हती.

रत्नागिरीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी मेट्रन होते, म्हणजे नर्सांची मुख्य. औषधं, चादरी, रोग्यांचं जेवण, सगळं माझ्याकडे. गोष्ट एकोणीसशे तीस सालानंतरची, आषाढातली.

सुंदरा वरच्या अंगाच्या, घाटाकडच्या एका कुणबी वाडीतली. नवरा मुंबईला गिरणीत. दिवसा तिला सगळं नीट दिसे, पण ऊन उतरलं की डोळ्यांपुढे पडदा. अशीच एका संध्याकाळी गोठ्याच्या पायरीवरून पडली, म्हणून सासूने तिला गाडीत घालून आणली. याला रातांधळेपणा म्हणतात. बाळंतपणाच्या आगेमागे पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. सुंदराचा तसा वाटत नव्हता. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग कोरडा पडून सुरकुतला होता.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. “कोरडेपणा बुबुळावर सरकला तर फूल पडेल, मेट्रन. मग दिवसाही दिसणार नाही. कायमचं.”

“कॉडलिव्हर ऑइल?”

“शेवटची बाटली तुम्हीच रोग्यांना देऊन संपवलीत ना?”

संपवली होती. हे माशाच्या काळजाचं तेल मुंबईहून बोटीने येई आणि पावसाळ्यात बोटी बंद. खाडीलाही मासळी जेमतेम. म्हणजे जे काय करायचं ते जेवणातून.

व्हिटॅमिन हा शब्द तेव्हा नवा होता. अन्नात नखभर असतं, पण नसलं तर शरीर अडून बसतं, अशी काहीतरी वस्तू, एवढं आम्हाला कळलं होतं. डोळ्यांसाठी त्यातलं ‘ए’ लागतं. डॉक्टरांकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात कशात किती व्हिटॅमिन आहे ते आकड्यांत नसून अधिकच्या खुणांनी दाखवलेलं असे. आम्ही त्यांना फुल्या म्हणत होतो. एक फुली म्हणजे थोडं, दोन म्हणजे बरं, तीन म्हणजे पुष्कळ. डॉक्टरांनी पान माझ्यापुढे सरकवलं. अंड्याला दोन फुल्या. तांबड्या भोपळ्यालाही दोन.

“म्हणजे सारखंच?” मी विचारलं.

“या बाबतीत सारखंच. बाकी अंड्यात मांस वाढवणारं सत्त्व आहे, चरबी आहे. भोपळ्यात बहुतेक पाणी.”

“एका अंड्याला किती भोपळा?”

डॉक्टरांनी पान उलटलं, परत मागे आणलं. “ते दिलेलं नाही.”

“भोपळा कच्चा धरायचा की शिजवून घोटलेला? अंडं टरफलासकट वजन करायचं की सोलून?”

“मेट्रन,” डॉक्टर म्हणाले, “एक वाटी द्या.”

मी वाटी लिहून घेतली. कोणती वाटी ते विचारलं नाही. डॉक्टरांचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

त्याच आठवड्यात हमीदा आली होती. किनाऱ्यावरच्या गावातली, बाप खलाशी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आणि तक्रार हुबेहूब तीच. तिला अंड्याचं वावडं नव्हतं. डॉक्टरांचे डोळे चमकले. ते तरुण होते आणि मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकात काहीतरी लिहावं असं त्यांच्या मनात होतं.

“हमीदाला अंडी, सुंदराला भोपळा. वय सारखं, महिना सारखा. तुलना आयतीच झाली.”

भोपळा बाजारातून आला आणि स्वयंपाकघरात तसाच राहिला. मी दुपारी पाहायला गेले तर स्वयंपाकीण यमुताई त्याच्यासमोर हात बांधून बसलेल्या.

“कापायचा कोणी?” त्या म्हणाल्या.

“विळी तुमच्यापुढे आहे.”

“अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही. पुरुषाने एक घाव घालून द्यावा, पुढचं मी पाहते. इथे तर सगळ्या पोटुशा भरल्यात. मी नाही बाई हात लावायची.”

माळी गावी गेलेला. आवारात पुरुष एकच होता. मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

“मी सर्जन आहे, यमुताई,” डॉक्टर सुरी हातात घेऊन म्हणाले.

“म्हणून तर बोलावलं. उभा घाला हो, आडवा नको.”

डॉक्टरांनी उभा घाव घातला. भोपळा शिजला, रवीने घोटला गेला, वाटीत भरून सुंदराकडे गेला. अंड्यांना यमुताई हात लावत नसत. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं यायचंच नाही, म्हणून मागच्या व्हरांड्यात स्टोव्ह ठेवून आमची आया हमीदासाठी अंडी करी.

मी रोज दिवेलागणीला दोघींची परीक्षा घ्यायची. खोलीच्या टोकाला उभी राहून वर केलेली बोटं मोजायला सांगायची. चौथ्या दिवशी हमीदाने बोटं बरोबर सांगितली, वर माझ्या अंगठीबद्दलही विचारलं. सुंदरा म्हणाली, “बाय, तुमी खय उभ्या हाव?”

आठवडा झाला तरी सुंदराचं तेच. डोळ्यांचा कोरडेपणा तिळभरही हटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “अंड्याच्या फुल्या खऱ्या. भोपळ्याच्या खोट्या. उद्यापासून सुंदराला अंडं.”

मी रखमाबाईंना सांगायला गेले. त्यांनी आधीच बोचकं बांधायला घेतलं.

“येक डाव सांगितलंय ना? अंडं नाय. आमच्यात गाभण गुराला पन गरम काय घालीत नाय. घरी नेतंय तिला. आमचो देव हाय.”

“आणि डोळे गेले तर?”

रखमाबाईंचे हात थांबले. “पोराला काय सांगू मी? आंधली बायको घे म्हनून?” आणि त्या एकदम रडायला लागल्या. सुंदरा त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागली. बसल्या जागेवरून चाचपून, कारण पाठ तिला दिसत नव्हती.

“आणखी पाच दिवस द्या,” मी म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुस्तक सारखं म्हणत होतं, डोळे सारखं म्हणत नव्हते आणि दोघांपैकी कोण चुकतंय ते कळत नव्हतं. मी पुस्तकातलं पान पुन्हा पाहिलं. अंडी वेगळ्या दुकानातून आणवली, भोपळा बदलला. यमुताई रोज सारखंच पाणी घालतात का ते विचारलं. नव्हत्या घालत, पण तेवढ्याने एवढा फरक पडावा हे मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही चुलींपाशी उभं राहून पाहायचं ठरवलं. आधी व्हरांड्यात. आयाने तव्यावर खोबरेल ओतलं. अंडं फोडलं. ते चरचरत फुललं.

“उकडलेलं सांगितलं होतं ना?”

“उकडलेलं खात न्हाय ती. वास येतो म्हणते.”

तिथून आत. यमुताई भोपळा घोटत होत्या. पाण्यात शिजलेला, वर चिमूटभर मीठ. मी चव घेतली. ओला फडका चावल्यासारखी.

“यात दुसरं काही नाही?”

“काय असायचं?”

“फोडणी? तूप? ओलं खोबरं?”

“आजाऱ्याच्या पथ्याला?” यमुताई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मीच आजारी आहे. “कुठे पाहिलंत हो आजाऱ्याला फोडणी घातलेली?”

“पण पथ्य कोणी सांगितलं?”

त्यांना वाटत होतं, डॉक्टरांनी. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मी फक्त वाटी सांगितली. रखमाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “इस्पितळातलं म्हनजे बिनतेलाचंच असतलं, म्हनून गप ऱ्हायलो.” कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे माणूस खाटेवर पडला की तेल-तूप आपोआप ताटातून उठतं, एवढंच झालं होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, “एकीच्या ताटात चरबी आहे, दुसरीच्या ताटात थेंब नाही. त्याने काही होत असेल?”

डॉक्टरांनी पुस्तक पुन्हा उघडलं. “हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं. पाण्यात नाही. आतड्यातून शोषायला चरबी लागत असावी.” मग हळूच म्हणाले, “लागत असेल तर मी आठ दिवस त्या पोरीला रंगीत पाणी पाजलं.”

रखमाबाईंना तूप चालेल का विचारलं. “तूप? अवो, बालंतपनाला तूपच तर देतात! पयलंच नाय सांगायचां?” यमुताईंनीही हरकत घेतली नाही. तूप पथ्यात बसतं की नाही यावर त्यांचा स्वतःशी थोडा वाद झाला, पण भोपळ्यात तूप-जिऱ्याची फोडणी पडली, वर खोबरंही आलं. सुंदराने वाटी चाटून पुसून परत पाठवली. त्याआधी ती अर्धी उरत असे, हेही मला तेव्हाच कळलं. निम्मी वाटी रोज आया निमूटपणे मांजराला घालत होती.

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी मी खोलीच्या टोकाला जाऊन बोटं वर केली. सुंदराने बोटांकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावर पाहत ओरडली, “बाय, सरका! वाशावर पाल हाय!”

मी सरकले. पाल होती. रखमाबाईंनी आधी पालीकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि तिला एक धपाटा घातला. मग तोच हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

डॉक्टरांनी मासिकासाठीचा मजकूर नव्याने लिहायला घेतला. अंडं आणि भोपळा सारखेच, मात्र भोपळ्याला स्निग्ध पदार्थाची जोड हवी. मला वाचूनही दाखवला. चांगला होता.

दोन दिवसांनी हमीदा घरी निघाली. तिची आई खतीजाबी डॉक्टरांना सलाम करायला आली. डॉक्टर म्हणाले, “अंडी चालू ठेवा हं. त्यानेच गुण आला.”

“अंडी?” खतीजाबी हसल्या. “अंडी ती खायची कुठं, डाक्टरसाब? एखाददुसरं. बाकी आयालाच द्यायची. मी रोज सकाळी बोकडाची कलेजी भाजून आणत होते. पयल्या दिवसापासून. आमच्यात रातआंधळ्याला तीच देतात.”

कलेजी म्हणजे काळीज. पुस्तकात तिच्यापुढे तीन फुल्या होत्या.

त्या गेल्यावर डॉक्टरांनी मासिकाचा मजकूर पुढे ओढला. मग म्हणाले, “म्हणजे अंड्याचं काय ठरलं?”

“काही नाही. अंडी खाल्ली ती आयाने.”

“आणि भोपळ्याचं?”

“तूप घातल्यावर गुण आला. तुपाने, का पूर्ण वाटी पोटात गेल्याने, का बहुतेकींचा जातो तसा आपोआप, ते सांगता येत नाही.”

मजकूर मासिकाकडे गेला नाही. सुंदराला भाद्रपदात मुलगी झाली, डोळे मायलेकींचेही उत्तम. अंडं चांगलं की भोपळा, हे मला अजूनही लोक विचारतात. मी दोन्ही खायला सांगते, भोपळा तूप-फोडणीसकट. आणि रोगी दाखल झाला की औषध देण्याआधी नातेवाइकांना एक प्रश्न विचारते: डब्यात काय आणलंय?