खाणीचं कुरण

भाद्रपद वद्य तृतीया. गोठ्याच्या कुडाच्या तुराट्या पावसाने कुजल्या होत्या, त्या उपसून मी नव्या बांधत होते. तेवढ्यात पटवाऱ्याचा माणूस सांगून गेला, की दुपारी तहसिलीतले जमिनी तपासणारे गिरदावर साहेब खाण पाहायला येणार.

सुतळी खाली ठेवली. कूड अर्धाच राहिला.

गावाच्या वरच्या अंगाला चुनखडीची खाण होती. सडकेच्या पुलांना चुना लागत होता तोवर ठेकेदाराने खणली. पूल झाले, तो गेला. मागे खड्डे राहिले आणि पांढऱ्या कचाचे, दगडाच्या चुऱ्याचे, ढीग. त्याआधी ते गावाचं कुरण होतं, पण दफ्तरात आता खाण लिहिलेली, म्हणून जनावर आत दिसलं की कोंडवाडा. माझी गाभण गाय चुकून तिकडे गेली आणि खड्ड्यात पडून मेली. त्या आठवड्यात मी फावडं घेऊन वर गेले.

पहिल्या वर्षी आम्ही बायकांनी ढीग ओढून खड्डे बुजवले आणि बी फेकलं. सगळं जळालं. जाऊ म्हणाली, "काऊन खपून राह्यली वं? गोट्यावर का गवत येते?"

तिचं बरोबर होतं. बियाच्या आधी माती हवी होती. दुसऱ्या वर्षी धनगर आले तेव्हा त्यांना ज्वारी देऊन त्यांच्या मेंढ्या लेंडीखतासाठी त्या कचावर बसवल्या, रोज थोडी जागा सरकवत. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ वाहून वर पसरला. मग घरोघरच्या गवताच्या गंजीखाली उरलेला चुरा मागून आणला. पवन्याचं, मारवेलाचं बी त्यातच असतं. तो उधळला आणि वर बोरीच्या काट्या टाकल्या. एक खड्डा मात्र एका बाजूने उतरता करून पाण्यासाठी ठेवला.

तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. कुरण परत दफ्तरात लिहावं म्हणून आम्ही तहसिलीत अर्ज दिला. पण तीच जागा एक नवा ठेकेदारही खणायला मागत होता. गिरदावर जे लिहून नेईल ते कायम होणार होतं.

साहेब घोड्यावरून आले. सगळं गाव बांधावर उभं होतं. सर्वांत पुढे आमचा म्हातारा गायकी, गावची गुरं चारणारा. साहेबांनी त्यालाच विचारलं, "कान किधर है? कान दिखाओ."

सरकारी उर्दूत खाणीला कान म्हणतात. गायकीला ते कुठून ठाऊक? त्याने फेटा वर सारला आणि उजवा कान पुढे केला. "हा चांगला हाये साहेब. डाव्यानं कमी ऐकू येते."

"मापून घ्या म्हना साहेबाले," जाऊ पदराआडून म्हणाली. बायका हसल्या.

साहेब हसले नाहीत. त्यांना वाटलं, गाव खाण लपवून भलतीच जागा दाखवतंय. त्यांनी नव्या ठेकेदाराचा अर्ज काढून वाचला, "ज़मीन बंजर है, किसी काम की नहीं. और यहाँ तो जंगल खड़ा है! असली जगह दिखाओ, नहीं तो मैं अपने हिसाब से लिख दूँगा."

आता गप्प राहणं म्हणजे तीन वर्षं मातीत घालणं. मी पुढे झाले.

"साहेब, छुपाया कुछ नै. तुम कान के उपरच खडे हो."

त्यांचा विश्वास बसेना. मी गवत बाजूला करून जुन्या ठेकेदाराच्या खुणेचा दगड दाखवला. मग विळ्याने त्यांच्या पायाशीच उकरलं. वीतभर काळी माती, खाली पांढरा कच. साहेबांनी तो चिमटीत घेऊन चोळून पाहिला आणि ते गवतात शिरले. पायाखालून तितरांची जोडी फडफडत उडाली तसे दचकून मागे सरले. पाण्याच्या खड्ड्याशी चिखलात काळविटांचे खूर उमटले होते. ते त्यांनी वाकून निरखले.

"इसको बंजर लिखा?" ते स्वतःशीच म्हणाले. खुणेच्या दगडावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. खाण बंद, जागा गावाच्या चराईची.

गायकीला अजून चैन नव्हतं. "मंग कानाचं काय झालं साहेब?"

"कान तू अपने पास रख!" आता साहेबही हसले.

बायकांनी जो गलका केला त्याने घोडा बुजला. मीही ओरडले. एरवी मी ओरडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकू दिलं. मग काट्या सरकवून माझी कालवड पहिली आत सोडली. मेलेल्या गाईचीच ती, आधीच्या वेताची. मागोमाग गावची गुरं. अर्धं कुरण बी धरेपर्यंत बंद ठेवायचं, हे गायकीला त्याच्या उजव्या कानात दोनदा सांगितलं आणि घरी येऊन राहिलेला कूड बांधून काढला.