सेन्सरची निघालेली वायर

परवा पीयूसीच्या रांगेत अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास नाकात गेला आणि उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं गॅरेज आठवलं. बारा वर्षं झाली असतील. त्यांनी नीट करून दिलेली माझी जुनी गाडी आठवड्यात तीनदा पीयूसीला नापास झाली. तिसऱ्यांदा मी उन्हातानातनं, पार वैतागून थेट गॅरेजात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोरच ओरडलो, "डोळ्यांनी दिसत नसंल तर बंद करा की गॅरेज!" मिस्त्री बॉनेट उघडून वाकले, सेन्सरची निघालेली वायर बोटानं उचलली आणि हळूच विचारलं, "सायेब, घरी पाईप लावून इंजिन धुतलासा व्हय?" रविवारी मीच धुतलं होतं, ती वायर माझ्याच हातानं ओढली गेली असणार, हे मला तिथल्या तिथं कळलं. तरी मी म्हणालो, "न्हाय बा." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग माझीच बसवायची ऱ्हायली की." वायर बसली, गाडी पास झाली. पण माझ्यादेखत एक गिऱ्हाईक आपली गाडी तिथून काढून घेऊन गेलं. मिस्त्री आता नाहीत. त्यांनी विचारलेल्याचं खरं उत्तर तेवढं अजून माझ्याकडे राहिलंय. व्हय मिस्त्री, मीच धुतलं हुतं.