खाडा पडू न देणारा दादा

खंडूदादा गेल्याचं मला घोडेगावच्या स्टँडवर कळलं. वडिलांचा फोन होता. "घरी ये. मोठ्या आईजवळ कुणीतरी पायजे," एवढंच म्हणाले. मोठी आई म्हणजे माझी चुलती, दादाची आई. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली… तिच्यासमोर जायची.

दादा फौजेत होता. लडाखला बदली झाली, तिथं तो बर्फावरची हॉकी शिकला. बुटांना पाती लावून बर्फावर धावायचं आणि काठीनं रबराची टणक चकती मारायची. दादा गोलरक्षक, म्हणजे ती चकती अंगावर घेणारा. मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा फौजेच्या संघात गेला आणि एकही सामना न चुकवता सलग खेळण्याचा विक्रम त्यानं केला. आम्ही सामने मोबाईलवर बघायचो. मोठी आई पाठ फिरवून बसायची.

शेवटच्या सुट्टीत तो आला, तेव्हा आमच्या बोरी गावातल्या पोरांनी फ्लेक्स लावला. दादाचा फोटो आणि खाली सामन्यांचा भलामोठा आकडा. आमच्या घरात मेंढरं मोजली तरी आकडा मोठ्यानं बोलत नाहीत. बोललं की कमी होतात म्हणे. मोठी आई थबकली. "कुणी लिवला ह्यो? झाका आधी!"

"काकू, मेंढरं न्हाईत ती, मॅची हैत!" पोरं हसली.

दादाही हसला आणि स्वतःच शिडीवर चढून त्यानं आकड्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. उतरताना मात्र त्याचा पाय डगमगला. "ऊन लई लागतंय," डोळे मिटून म्हणाला. ऊन तर सकाळचं, कोवळं होतं.

घरी येऊन हळूच म्हणाला, "तायडे, डोकं ठणकतंय गं कधीपासनं. आईला बोलू नको." मी घाबरून लगेच सांगितलं. मोठ्या आईनं त्याची बॅगच धरून ठेवली.

"डाक्टरला दाव आधी. एक डाव न्हाई खेळलास तर काय हुईल?"

"खाडा पडंल, आई. मग पुन्हा पयल्यापासनं मोजत्यात."

"मोजू दे की!"

"एवढा हंगाम. मग हाईच की तुझ्या मेंढरांमागं."

तो गेला. पुढे सरावात कोसळला, तो उठलाच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. जुन्या माराचं असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. असू शकतं… आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आकड्यानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. तरी तो आकडा इथं लिहायला हात धजत नाही.

हल्ली उसात बिबट्या आहे. वस्तीवर सगळे दिवस मावळायच्या आत दारं लावून घेतात. मोठी आई मेंढरं कुंपणात घेते, प्रत्येकाच्या पाठीला हात लावत, ओठ न हलवता. शेवटचं आत गेलं तरी ती जाळीचं दार ओढत नाही, मेंढरांमागच्या रिकाम्या वाटेकडे बघत राहते.

"सगळी आली, मोठी आई. लाव की दार."

"थांब जरा."

ऊस सळसळतो. मी बॅटरी तिकडे धरते. तिच्या शेजारून हलत नाही.