विल्किनचा चोवीस इंची वूफर

आमच्या सांतियागोतल्या विल्किनने मोटारीची मागची सीट काढून चोवीस इंची वूफर बसवला. मोटारींच्या दणदणाटाच्या स्पर्धेत आवाज मोजणाऱ्या मीटरचा आकडा चढावा म्हणून त्याचा खोका एकाच सुरावर घुमेल असा बांधला. भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाला रिवाजाच्या बाप-लेकीच्या नाचाचं गाणं मीच वाजवणार, म्हणाला. शेजारच्या एलिहिओने आपल्या गाडीतले बारा इंची वूफर देऊ केले.

"ते तुझ्या आजीच्या रेडिओला लाव!" विल्किन हसला.

गाणं सुरू झालं. छपराचे पत्रे थरथरले, केक सरकला, पण चाल कळेना. मेहुण्याचा पाय चुकला, भाची रडकुंडीला आली.

"मामा, यात गाणं कुठाय?"

विल्किनने आवाज बंद केला. "एलिहिओ, तुझी गाडी आण ना जरा," तो पुटपुटला. एलिहिओच्या गाडीतल्या गाण्यावर नाच संपेपर्यंत तो आपल्या मोटारीआड उभा होता.