टक् टक् करणारी टाकी

गेस्ट हाऊसमध्ये माणसं टिकत नाहीत. दोन दिवस राहतात, टॉवेल नाहीतर कंगवा विसरतात आणि जातात. टॉवेल मी धुऊन घडी करून ठेवते; मागायला कुणी येत नाही. किस्सेही तसेच मागे राहतात. सांगायचे कुणाला, म्हणून साठत जातात. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका!

आमचे हे बोईसरच्या एका कंपनीत फिटर होते. ते गेल्यावर कंपनीनं मला गेस्ट हाऊसची देखरेख दिली आणि राहायला मागची खोली. दिवसा मासवणचा माळी बरकू असतो, वॉचमन चौबेजी असतात. संध्याकाळी दोघं गेले की मी आणि टाकी.

ही टाकी ह्यांनीच बसवलेली. बंगला कौलारू, वर टाकीला जागा नाही. म्हणून खाली प्रेशरची लोखंडी टाकी. आत रबरी फुगा, फुग्यात पाणी, बाहेरून दाबून भरलेली हवा. हवा पाण्याला ढकलते आणि नळ जोरात येतो. ह्यांच्यामागे दोन वर्षांत हवा कमी झाली. मग नळ सोडला की पंप चालू, टक्! नळ मिटला की पंप बंद, टक्!

*

एकदा मद्रासकडचे एक इंजिनिअर उतरले होते. दुपारी खोलीत कागद पसरून बसलेले. मी मागे भांडी घासत होते, नळ सोडत-मिटत. टक्!

"कम इन!" साहेब आतून म्हणाले.

टक्! "कम इन!" टक्! "येस, कम इन!"

शेवटी ते दार उघडून बाहेर आले. व्हरांडा रिकामा. चौबेजींना म्हणाले, "इधर सब लोग नॉक करता है, आता कोई नहीं!"

चौबेजी हसून लोळले. मीही हसले. पण खरं सांगते, त्यांचं बोलणं काही खोटं नव्हतं.

*

चौबेजींचा उपाय म्हणजे काठी. एकदा त्यांनी टाकीला काठी हाणली आणि योगायोगानं टकटक थांबली. झालं! रोज ड्यूटीवर आल्यावर टाकीला आधी सलाम, मग एक फटका.

"चौबेजी, सलाम कशाला?"

"भाभीजी, भैया की निशानी है. इज्जत भी देनी है, डर भी!"

*

बरकूचा उपाय वेगळा. दसऱ्याला त्यानं कुदळ-कोयत्याबरोबर टाकीचीही पूजा केली. कुंकू लावलं आणि झेंडूची, भाताच्या लोंब्यांची भलीमोठी माळ नेमकी प्रेशरच्या काट्यावर घातली.

"अरे बरकू, काटा झाकला ना! प्रेशर कसं दिसणार?"

"देवाला दिसतो ना वैनी. तुमाला कशाला?"

माळ सुकेपर्यंत टाकीचं प्रेशर फक्त देवाला ठाऊक होतं!

*

मग ऑफिसातून वर्दे साहेब आले. त्यांनी दोनदा टक्-टक् ऐकलं आणि म्हणाले, "भंगारात काढा ही. सिमेंटची उंच टाकी बांधू. खांब इथे येतील," आणि माझ्या खोलीकडे बोट केलं. "तुमचा भाऊ वाणगावला असतो ना?"

असतो. त्याच्या दोन खोल्यांत आठ माणसं आहेत. माझ्यासाठी तेही सरकून बसतील. सरकून बसलेली माणसं फार गोड बोलतात, तेच सोसत नाही.

"साहेब, सोमवारपर्यंत थांबा. मी दुरुस्त करते."

"तुम्ही?"

"ह्यांचा पाना मीच धरून उभी असायचे."

*

आम्ही तिघांनी चौबेजींच्या सायकलचा पंप लावला. टाकीच्या बुडाशी ट्यूबसारखाच व्हॉल्व्ह असतो. बरकूनं शंभर हात मारले. काटा वर चढला! आम्ही आनंदानं चहा केला. कपबशा विसळायला नळ सोडला, काटा धाडकन शून्यावर!

बरकू म्हणाला, "वैनी, आपल्यासंगं तिनंबी च्या घेतला वाटतं!"

तेव्हा मला ह्यांचं बोलणं आठवलं. काम करताना ते बडबडत असत, मी नुसतं हं हं करायचे. 'आधी करंट बंद. मग नळ सोडून सगळं पाणी जाऊ दे. मगच हवा.' पाणी न काढताच आम्ही भरत बसलो होतो. संसारात एवढं एकच वाक्य मी नीट ऐकलं असेन, तेही उशिरा आठवलं!

*

दुसऱ्या दिवशी करंट बंद केला. नळ सोडून पाणी जाऊ दिलं. आत काही हवा उरलीय का बघावं म्हणून केसातली पिन काढून व्हॉल्व्हवर दाबली. फुस्स! रबराचा, बंद खोलीसारखा वास आला.

ह्यांना भाऊ म्हणणाऱ्या बरकूनं झटकन अंगठा ठेवला. "वैनी, दाबू नका! आमची कालची असंल थोडी, पन बाकी भाऊंनी भरल्याली हाय ती."

मी पिन परत केसात खोचली. चौबेजींनी सायकलचा पंप लावला.

सोमवारी वर्दे साहेब आले. नळ सोडला, मिटला, पुन्हा सोडला. टक् नाही. घर इतकं गप्प झालं होतं की मलाच कसंसं वाटलं.

"वा! सगळी नवी हवा भरली?"

मी काही बोलायच्या आत बरकू म्हणाला, "नाय साहेब. आमी वरची थोडी भरली. खालची भाऊंचीच हाय."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोलीचं काही बोलले नाहीत. नळ अजून चालूच होता. तो त्यांनी मिटला. अगदी हळू मिटला.